वाचक विचारतात : परदेशातला पगार, तिथलं मत आणि इथला उतारा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून या वेळी आलेल्या पत्रांत एक घोटाळा सारखा दिसतो. ‘मुलगा आता एनआरआय झाला’ असं घरात एकदा ठरलं की बँक, प्राप्तिकर, मतदार यादी आणि शेत या सगळ्यांना एकच नियम लागतो, असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. बँक बघते तो कशासाठी गेला ते, प्राप्तिकर खातं दिवस मोजतं आणि मतदानाला नागरिकत्व लागतं. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : मुलगा डिसेंबरात दुबईला नोकरीला लागला. त्याचं इथलं बचत खातं तसंच चालू आहे. दरमहा पैसे माझ्या खात्यावर येतात आणि मी माझ्या नावाने ठेवी करते. काही पैसे आमच्या पतसंस्थेतही ठेवायचे आहेत. यात काही चुकतंय का? (एक आई, टिळकवाडी)

दोन गोष्टी चुकताहेत. तिसरी धोक्याची आहे, पण बेकायदा नाही.

पहिली खात्याची. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याप्रमाणे माणूस विमानात बसल्या दिवसापासून अनिवासी होतो. त्याचं जुनं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यायचं. पासपोर्ट, रेसिडेन्सी व्हिसा, तिकडच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन एवढ्या कागदांवर काम होतं. इथलं भाडं, शेतमालाचे पैसे, जुन्या ठेवींचं व्याज हे सगळं एनआरओमध्ये. तिकडचा पगार मात्र वेगळ्या एनआरई खात्यात. एनआरईचं व्याज करमुक्त असतं आणि पैसा हवा तेव्हा परत नेता येतो. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते. तिथून पैसा बाहेर काढायचा तर सीएचा दाखला लागू शकतो आणि आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. म्हणून दुबईचा पगार चुकूनही एनआरओत टाकू नका. एनआरईतून एनआरओत पैसा एका क्लिकवर जातो, उलट यायला कागदपत्रं लागतात.

दुसरी पतसंस्थेची. तिथे एनआरई किंवा एनआरओ खातं उघडता येत नाही. तुम्ही स्वतःच्या पैशातून ठेव ठेवू शकता, पण पतसंस्था ही बँक नाही. बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण तिथे नसतं. मुलाची कमाई तिथे एकगठ्ठा ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता धोक्याची गोष्ट. मुलाने आईला पाठवलेले पैसे कितीही असले तरी तुम्हाला त्यावर कर नाही. त्याची ठेव केली की व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, तेही ठीक. पण ती ठेव कायद्याने तुमची आहे. तुमच्या पश्चात ती त्याला आपोआप मिळणार नाही, त्याच्या बहिणीचाही तेवढाच वाटा राहील. नॉमिनी म्हणून त्याचं नाव असलं तरी नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची असते. मनात त्याच्याच नावे ठेवायचं असेल तर त्याचं एनआरई खातं ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (आधी त्याचा हक्क, त्याच्या पश्चात तुमचा) पद्धतीने तुमच्यासह संयुक्त करा किंवा मृत्युपत्र करून ठेवा. सुनेच्या नावे पैसे पाठवून ठेव केली तर हिशेब आणखी वेगळा. ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

तुम्ही विचारलं नाही, पण डिसेंबरची तारीख वाचून सांगणं भाग आहे. प्राप्तिकर खातं १ एप्रिलपासून भारतातले दिवस मोजतं. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्याचे त्या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस इथे भरले तर त्या वर्षापुरता तो सहसा निवासीच ठरतो. १० डिसेंबरला निघालेल्याचे २५४ दिवस भरतात. म्हणजे बँकेच्या लेखी तो अनिवासी, पण डिसेंबर ते मार्चचा दुबईचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवायचा. तिकडे वैयक्तिक प्राप्तिकर नाही म्हणून इकडेही नाही, हा समज इथेच फसतो. ज्यांच्या हातात ऑफर आहे आणि तारीख पुढे-मागे करता येते, त्यांनी २८ सप्टेंबरपर्यंत निघावं. निघायचा दिवस धरून १८१ होतात. पुढच्या वर्षांत इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर सुट्टीला येणाऱ्यांसाठी ही मोजणी १२० दिवसांवर येते, ते सीएकडून तपासून घ्या.

प्रश्न : शारजात सात वर्षं झाली. पगार १०,००० दिरहॅम, त्यात बेसिक ४,०००. नोकरी सोडली तर काय मिळेल? कंपनीनेच काढलं तर? (वाचक, मूळ गाव निपाणीजवळ)

यूएईत बाहेरून आलेल्या कामगाराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे, आणि ती फक्त बेसिकवर. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. तुमचे पाच वर्षांचे १०५ दिवस, दोन वर्षांचे ६०, मिळून १६५. दिवसाचं बेसिक ४,००० भागिले ३० म्हणजे १३३.३३. एकूण २२,००० दिरहॅम. बेसिक ७,००० असतं तर हेच ३८,५०० झाले असते. त्यामुळे नव्या ऑफरमध्ये एकूण आकडा बघून खूश होऊ नका. बेसिकसाठी घासाघीस करा.

फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापली जात नाही. जुन्या कायद्यात कापत होते, आणि काही कंपन्यांचे हिशेबनीस अजून तेच सांगतात. बिनपगारी रजेचे दिवस मात्र मोजणीतून जातात. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी द्यायला हवीत. ‘सगळं मिळालं’ अशा कागदावर सही आधी मागतात, पैसे नंतर देतात. उलटं करा.

कंपनीने काढलं तर बेकारी विमा उपयोगी पडतो. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहॅम हप्ता, आणि बेसिकच्या ६० टक्के तीन महिन्यांपर्यंत. तुम्हाला महिना २,४०० मिळतील. सलग बारा महिने हप्ता भरलेला हवा, नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत अर्ज हवा आणि स्वतः राजीनामा दिलेला नसावा. मॅनेजर ‘राजीनामा लिहून दे, सोपं पडेल’ म्हणतो तेव्हा हे ७,२०० दिरहॅम तुमच्या हातून जातात.

प्रश्न : आम्हा चुलत भावंडांपैकी एक दुबईत, एक इंग्लंडमध्ये नर्स, एक टेक्सासात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. तिघंही बेळगावच्या प्रश्नावर आणि तिकडच्या राजकारणावर ग्रुपवर तावातावाने बोलतात. कुणाला काय करायची मुभा आहे? इथल्या निवडणुकीत त्यांना मत देता येईल का? (शहापूर, बेळगाव)

तिघांची उत्तरं तीन टोकांची आहेत.

दुबईतल्या भावाने गप्प बसावं. हे भित्रेपणाने सांगत नाही, तिथला कायदाच तसा आहे. निदर्शनं, संप, कामगार संघटना यांना परवानगी नाही, आणि प्रश्न दुसऱ्या देशाचा असला तरी सूट नाही. जुलै २०२४ मध्ये स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध यूएईत रस्त्यावर उतरलेल्या ५७ बांगलादेशींना शिक्षा झाल्या. तिघांना जन्मठेप, बहुतेकांना दहा वर्षं. सप्टेंबरात त्यांना माफी मिळाली, पण नोकरी आणि व्हिसा गेला तो गेलाच. १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिवस पाळला जातो म्हणून तिथल्या पार्कात चार जणांनी काळ्या फिती लावून फोटो काढणं ही तिथे किरकोळ गोष्ट नाही. व्हॉट्सअॅपवरची शिवीगाळ हाही तिथे गुन्हा आहे. आणि ज्याची कुणाला कल्पना नसते ते म्हणजे वर्गणी. गावातल्या आजारी माणसासाठी किंवा मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ग्रुपवर पैसे मागणं परवान्याशिवाय चालत नाही. ज्याला द्यायचे त्याने स्वतःच्या खात्यातून थेट गावाकडे पाठवावेत.

इंग्लंडमधल्या बहिणीला उलट सांगू. ती भारतीय नागरिक आहे, म्हणजे राष्ट्रकुलातली, आणि रीतसर व्हिसावर तिथे राहते. तिला ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही तिथल्या संसदेसाठी आणि स्थानिक कौन्सिलसाठी मत देता येतं. आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींना हे माहीत नसतं. कौन्सिलचं नावनोंदणीचं पत्र आलं की ‘आपण बाहेरचे’ म्हणून ते बाजूला टाकतात. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, राष्ट्रीयत्वात ‘भारतीय’ लिहायचं. बूथवर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. पत्राला दादच दिली नाही तर ८० पौंड दंड होऊ शकतो. शिवाय यादीत नाव असलं की घरासाठी कर्ज घेताना पत तपासणीत मदत होते. ज्या कौन्सिलला ती दरमहा कर भरते तिच्या निवडणुकीत तिने मत द्यायलाच हवं.

टेक्सासातल्या भावाला मत नाही, आणि उमेदवाराला एक डॉलरही देणगी देता येत नाही. देणगीची मुभा ग्रीन कार्ड मिळाल्यावर येते, मताची नागरिक झाल्यावर. त्याने एका ठिकाणी फार जपावं, ते म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सचं काउंटर. तिथल्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो, काउंटरवरचा माणूस घाईत विचारतो आणि आपला माणूस मान डोलावतो. ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ असं खोटं नोंदलं गेलं की पुढे ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. सही करण्याआधी तो चौकोन बघायचा.

आता इथलं मत. तिघंही भारतीय नागरिक आहेत, म्हणून २०१० च्या दुरुस्तीने तिघांनाही ‘प्रवासी मतदार’ म्हणून फॉर्म ६-ए भरून नाव नोंदवता येतं. मतदारसंघ ठरतो पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याने. पत्ता खानापूरचा असेल तर खानापूर, मग बालपण शहापुरात गेलेलं असो. अशा मतदाराला वेगळं ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यावं लागतं. टपालाची सोय नाही. जुन्या सर्वसाधारण यादीतलं नाव आणि ओळखपत्र मात्र सोडावं लागतं. ‘राहू दे, काय बिघडतं’ म्हणून दोन्हीकडे नाव ठेवू नका. परदेशी नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. ओसीआय कार्डाने येणं-जाणं आणि घर घेणं होतं, मत मिळत नाही.

प्रश्न : मी जर्मनीत असतो. वडील गेले. खानापूर तालुक्यात चार एकर शेत आहे. माझं नाव लावायचंय, शेजारचं दोन एकरही घ्यायचंय. आता कर्नाटकात कुणीही शेत घेऊ शकतो म्हणतात. सगळं वटमुखत्यारपत्रावर होईल ना?

वारसाने आलेलं शेत तुम्हाला ठेवता येतं. शेजारचं घेता येणार नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली शेतकरी असण्याची अट काढली हे खरं, पण अनिवासीला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घ्यायला मनाई आहे ती केंद्राच्या परकीय चलन कायद्याने. राज्याच्या दुरुस्तीने ती उठत नाही. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवून घेईलही, कारण समोरचा माणूस अनिवासी आहे हे तिथे कुणी विचारतंच असं नाही. भानगड पुढे विकताना किंवा पैसे बाहेर नेताना निघते. बक्षीसपत्रानेही शेत घेता येत नाही. ज्यांचे आईवडील हयात आहेत आणि ‘जिवंतपणीच पोराच्या नावे करून टाकू’ म्हणताहेत, त्यांनी बक्षीसपत्र न करता मृत्युपत्र करावं.

नाव लावण्याची वाट अशी. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (गावपातळीवरच्या महसूल कचेरीतून) वंशावळ, मग वारसा नोंदीचा अर्ज. वंशावळीत बहिणी वगळू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकात १९९४ पासूनच आहे, देशभरातली २००५ ची. नाव दडवलेली वंशावळ पंधरा वर्षांनीही कोर्टात उघडी पडते.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावाच्या लिखाणात. उतारा कानडीत, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत ‘डीएनवाय’ने सुरू करतो. तेच नाव कानडी उताऱ्यावरून इंग्रजीत आणलं की ‘जेएनए’ने सुरू होतं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. म्हणून आधी कागद शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि उताऱ्यावर पासपोर्टप्रमाणेच नाव लागेल असा आग्रह धरा. चुकीचं नाव एकदा लागलं की दुरुस्तीसाठी तहसीलदार कचेरीचे हेलपाटे वेगळे.

वटमुखत्यारपत्र चालतं, पण ‘सर्व अधिकार’ देणारं करू नका. काम नेमकं लिहा : अमुक गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, वारसा नोंद करणे, पीक नोंदवणे. हे आकडे उताऱ्यावरून जसेच्या तसे घ्या, आठवणीवरून नाही. विक्रीचा अधिकार आज नको असेल तर ‘विक्री व गहाण वगळून’ असं लिहा. सही भारतीय वकिलातीत जाऊन करा, प्रत्येक पानावर. मूळ कागद कुरियरने आला की इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला हवा, जिल्हा रजिस्ट्रारकडे. हाच टप्पा बहुतेकांचा चुकतो. कागद कपाटात राहतो आणि वर्षाने बाहेर काढला की दंडाचा प्रश्न येतो. कुणाला शेत कसायला देताना लेखी कूळ करार करू नका, कर्नाटकात शेत कुळाने द्यायला बंदी आहे.

पुढे कधी शेत विकलंत तर ते भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येईल. करासाठी अंतर बघा. बेळगाव महापालिकेची लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या टप्प्यात येते, म्हणून हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतलं शेत भांडवली मालमत्ता धरलं जातं. खानापूर, निपाणीसारख्या छोट्या शहरांना हे अंतर दोन किलोमीटर. त्याबाहेरच्या ग्रामीण शेतीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही.

प्रश्न : अनगोळचं घर ४८ लाखांना विकतोय, मी ओमानला असतो. घेणारा १ टक्का कापून उरलेले देतो म्हणतो. (वाचक)

त्याला थांबवा. १ टक्का निवासी विक्रेत्यासाठी असतो, तोही किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर. विकणारा अनिवासी असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि सेस, म्हणजे १३ टक्के कापावे लागतात, आणि आधी दाखला आणला नसेल तर ते पूर्ण किमतीवर. ४८ लाखांवर ६ लाख २४ हजार. तुमची खरेदी ३६ लाखांची असेल तर नफा १२ लाख आणि खरा कर १ लाख ५६ हजार. मधले पावणेपाच लाखांच्या आसपास परतावा येईपर्यंत अडकतात. म्हणून संचकार (बयाणा) घेतल्याबरोबर, खरेदीखताच्या आधी, प्राप्तिकर खात्याकडून कमी करकपातीचा दाखला काढा. खरेदीदाराला करारातच लिहून द्या की विक्रेता अनिवासी आहे. कमी कापलं तर नोटीस त्यालाच येते.

प्रश्न : जर्मनीत साडेतीन वर्षं पेन्शनचे पैसे कापले गेले, आता कायमचा परत आलोय. मिळतील का? (उद्यमबाग)

साठ महिने भरले नसल्याने मागता येतील, युरोपीय संघ सोडल्यापासून २४ महिने झाल्यावर. फक्त तुमचा वाटा मिळतो, म्हणजे एकूण १८.६ टक्क्यांपैकी ९.३. पण पैसे घेतले की ती वर्षं पुसली जातात. पुन्हा जर्मनीला जायचा विचार असेल तर घेऊ नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, इथली पीएफची वर्षं तिथल्या पात्रतेसाठी जोडता येतात. पगारपत्रकं आणि पेन्शन विमा क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत. आमच्या बेळगावच्या खात्यावर तिचं नाव जोडलेलं आहे, सोयीसाठी. तिला काही भरावं लागतं का?

हो. अमेरिकेबाहेरच्या तिच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर तिला एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म, भरावा लागतो. नाव फक्त सोयीसाठी असलं, नुसता सहीचा अधिकार असला तरी ते खातं धरलं जातं. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. इथले म्युच्युअल फंड असतील तर अमेरिकी करात त्यांचा हिशेब फार जाचक आहे, नवीन एसआयपी तरी थांबवा. तुमच्या खात्यावरून तिचं नाव काढून नॉमिनी करणं सोपं.

प्रश्न : मुलगा आठवी शिकलेला. एजंट दीड लाख मागतो, आधी व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणतो. (खानापूर)

देऊ नका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही बँकेतून, पावतीसह. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का असतो. आखाती देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी आणि करार लागतो. व्हिजिट व्हिसावर पाठवणं म्हणजे ही तपासणी चुकवणं. मग पगार बुडाला तर दाखवायला करार नसतो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं संरक्षणही नसतं. तिचा हप्ता दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये आहे. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर घालून बघा. मुलाला एसएसएलसी (दहावी) बाहेरून देता आली तर पासपोर्टवरची तपासणीची अट निघते. वर्षभर थांबण्याची तयारी असेल तर तोच खर्च आधी करा.